तीन रकान्यांची फाइल

गेल्या दिवाळीत जुना संगणक आवरताना आमच्या मंडळाच्या कामातली एक फाइल हाती लागली. आत साधा तीन रकान्यांचा तक्ता होता : आज्ञा, लक्ष्य, मूल्य. एका ओळीत ‘टाइप’, मग शोधाची चौकट, मग ‘इंदूर’. थोडं खाली पुन्हा ‘टाइप’, तीच चौकट आणि ‘इंदोर’. मंडळातल्या एका तरुण मित्राला दाखवली, तर तो म्हणाला, “काका, एकच गाव दोनदा कशाला शोधलंय?” फाइलीत त्याचं उत्तर नव्हतं. ते देण्याआधी ही फाइल ज्या साधनाने तयार झाली, त्याची हकीकत सांगायला हवी.

२००४ मध्ये शिकागोला थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स नावाचे प्रोग्रॅमर वेळ आणि खर्च नोंदवायच्या अंतर्गत वेब प्रणालीवर काम करत होते. काही बदललं की तेच अर्ज पुन्हा हाताने भरून पाहायचे. त्याला कंटाळून त्यांनी जावास्क्रिप्टमध्ये असं साधन लिहिलं, की ते ब्राउझरमध्येच बसून बटणं दाबेल आणि चौकटी भरेल. चाचणीच्या साधनांत तेव्हा मर्क्युरी या कंपनीचं नाव मोठं होतं. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम उतारा, अशी थट्टा हगिन्स यांनी केली. साधनाला तेच नाव चिकटलं : सेलेनियम.

पण आज्ञांचा तक्ता हाताने लिहावा लागे. ही अडचण जपानच्या शिन्या कासातानी यांनी सोडवली. त्यांनी फायरफॉक्ससाठी जोडणी तयार केली आणि २००६ मध्ये ती सेलेनियम प्रकल्पाला दिली. तीच ‘सेलेनियम आयडीई’. लाल बटण दाबायचं आणि नेहमीसारखं काम करायचं. प्रत्येक क्लिक, प्रत्येक टंकलेला शब्द तक्त्यात उतरत जायचा. मग ‘प्ले’ केलं की ब्राउझर तेच सगळं पुन्हा करून दाखवायचा. ज्याला प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, त्यालाही हे जमत असे. मला जमलं, यातच सगळं आलं.

त्याच्या खोडीही होत्या. पान उघडायच्या आतच पुढची ओळ चालायची, म्हणून ‘क्लिक करून थांब’ अशी वेगळी आज्ञा असे. पानावरच्या चौकटीचं आतलं नाव बदललं, की साधन तिथेच अडून बसे. मग तेवढी ओळ दुरुस्त करायची.

आमच्या मंडळाने जुन्या मराठी नियतकालिकांतल्या लेखांची सूची संकेतस्थळावर ठेवली होती. छापील अंकांत गावाचं नाव कुठे ‘इंदूर’, तर कुठे ‘इंदोर’. सूची करणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह, की मूळ अंकात आहे तसंच उतरवायचं. पण शोधणाऱ्याला कोणत्याही रूपाने दोन्हीकडचे लेख मिळाले पाहिजेत. म्हणून त्या दोन ओळी. संकेतस्थळात काही बदललं, की मी फाइल चालवून पाही.

मग २०१७ चा ऑगस्ट आला. फायरफॉक्स जोडण्यांची जुनी पद्धत बंद करत होता आणि आयडीई नव्या पद्धतीत बसवायला प्रकल्पाकडे माणसं नव्हती. ५५ व्या आवृत्तीपासून ती चालेनाशी झाली. सेलेनियमची दुसरी शाखा, सायमन स्टुअर्ट यांनी सुरू केलेली वेबड्रायव्हर, तोवर चांगली फोफावली होती. जून २०१८ मध्ये ती डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानकही झाली. पण ते काम कोड लिहिणाऱ्यांचं. पुढे आयडीईही नव्याने लिहिली गेली, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींसाठी. तोपर्यंत आमची सवय मोडली होती. ते ज्येष्ठ सदस्यही राहिले नव्हते.

मध्यंतरी आमचं संकेतस्थळ नव्या प्रणालीवर नेलं. सगळं ठीक आहे असंच आम्ही समजत होतो. मित्राचा प्रश्न ऐकून मी तिथल्या तिथे ‘इंदोर’ टाकून पाहिलं. एकही लेख आला नाही. ‘इंदूर’ टाकलं, तर दुसऱ्या रूपातले लेख गायब. लेख सूचीत होते, पण शोधणाऱ्याच्या लेखी ते नव्हतेच. किती जण असे हात हलवत परत गेले असतील, कुणास ठाऊक!

फाइल चालत नसली तरी साध्या तक्त्यात होती म्हणून वाचता आली, हे आमचं नशीब. पण हाताने काय केलं तेवढंच तिच्यात उतरलं होतं. का केलं, ते दोन माणसांच्या डोक्यात होतं आणि त्यातला एक गेला होता. जुन्या दप्तरांवर काम करणाऱ्या आपल्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. खर्चाची रक्कम मिळते, खर्चाचं कारण मिळत नाही.

मित्राने आता शोध दुरुस्त केला आणि नव्या आयडीईत तीच चाचणी पुन्हा रेकॉर्ड केली. तिथे प्रत्येक ओळीपाशी वर्णनाची जागा असते. ‘इंदोर’च्या ओळीपाशी त्याने मला विचारून लिहिलं : ‘जुन्या अंकांत दोन्ही रूपं आहेत. ही ओळ काढू नये.’

आपल्यापैकी कुणी अशा फाइली जपल्या असतील, तर ती जागा रिकामी सोडू नका.