पेटीतला विषाणू
१८५६ साली इटलीत माएस्त्री आणि कोर्नालिया यांना आजारी रेशीमअळ्यांत सूक्ष्म स्फटिक दिसले. हाच रोगजंतू का? यावर पुढे बरीच मतं फुटली. १९४७ मध्ये जर्मनीत बेरगोल्डने ते सौम्य अल्कलीत विरघळवले आणि आत काठीसारखे विषाणू सापडले.

म्हणजे स्फटिक ही पेटी! पॉलिहेड्रिन हे विषाणूचंच प्रथिन, पण अळीच्या पेशीकडून बनवून घेतलेलं. ते केंद्रकात तयार विषाणूंभोवती रचलं जातं. शत्रूच्या कारखान्यात आपला दारूगोळा, वर पेटीही त्याच्याच मालाची. ती उघडते पुढच्या अळीच्या अल्कधर्मी पोटात.

पेशीत वाढायला मात्र ही पेटी लागत नाही. म्हणून १९८३ मध्ये टेक्सासात स्मिथ, समर्स आणि फ्रेझर यांनी पतंगाच्या अशाच विषाणूत, पेटीच्या जनुकाच्या जागी, मानवी इंटरफेरॉनचं जनुक बसवलं. याच वाटेने पुढे एचपीव्हीचं एल१ प्रथिन कीटकपेशींत बनू लागलं. त्याचे पोकळ कण आपोआप जुळतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची सर्व्हारिक्स लस त्यांचीच.