प्रेमगीत की राजीनामा?

‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ म्हटलं की तुम्हाला 1992 चा ‘द बॉडीगार्ड’ आणि व्हिटनी ह्यूस्टन आठवत असेल. पण हे गाणं मूळचं अमेरिकन कंट्री संगीतातलं, डॉली पार्टनचं. 1967 पासून ती पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात गात होती. पुढे तिला स्वतःची वाट धरायची होती, पण वॅगनर काही ऐकेना. मग तिने घरी बसून निरोपाचं गाणं लिहिलं आणि त्यालाच म्हणून दाखवलं. त्याचे डोळे भरून आले, त्याने तिला जाऊ दिलं. जून 1973 मध्ये नॅशव्हिलला ध्वनिमुद्रण झालं. 1974 मध्ये गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिलं आलं. थोडक्यात, हे प्रेमगीत म्हणजे राजीनामाच!

आता संशोधक म्हणून विचारा: ही हकीकत सांगितली कुणी? डॉलीनेच, मुलाखतींमधून. तिच्याशेजारी दुसरी नोंद ठेवा: 1979 मध्ये वॅगनरने तिच्यावर करारभंगाचा दावा लावला. मग मुलाखत खोटी? तसं नाही. गाण्याने मन वळलं असेल, पण पैशांचा हिशेब मिटला नव्हता. मुलाखतीतून आठवण कळते, दाव्यातून व्यवहार. इतिहास लिहायला दोन्ही लागतात.