यादी संगणक लावतो, नियम कोण लिहितो?

डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाची यादी लागली की आमच्या उचगावात दोनच प्रश्न ऐकू येतात. रँक किती आणि कॉलेज कोणतं? पण रँक आणि कॉलेज यांच्यामध्ये तिसरी गोष्ट उभी असते, ती म्हणजे जागावाटपाचा नियम. त्याबद्दल कोणी विचारत नाही. "आता सगळं संगणकावर होतं, त्यात जात कुठून येणार?" असं आपलीच मुलं म्हणू लागली आहेत. मित्रांनो, संगणक सांगितलेलंच काम करतो. सांगणारा कोण, हे तपासायला हवं.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ. तिथे १९५२ पासून नवे डॉक्टर आणि रुग्णालये यांची जुळणी एका ठरलेल्या सूत्राने होते. विद्यार्थी आपली पसंती देतात, रुग्णालये आपली देतात आणि सूत्र दोन्ही याद्या जुळवते. नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतला की सूत्राची सुरुवात रुग्णालयांच्या पसंतीपासून होते, म्हणून अडीअडचणीच्या ठिकाणी झुकते माप रुग्णालयांना मिळते. अर्थतज्ज्ञ अॅल्विन रॉथ यांनी सूत्राची नवी मांडणी केली. १९९८ पासून सुरुवात विद्यार्थ्यांच्या पसंतीपासून होऊ लागली. बदलाने फार थोड्यांच्या जागा हलणार होत्या, तरीही त्या मुलांनी नियम बदलून घेतला. रॉथ यांना २०१२ साली नोबेल मिळाले.

आपल्याकडे रुग्णालय पसंती देत नाही. रँकप्रमाणे पाळी येते आणि उरलेल्या जागांतून आपण निवडतो. मग अन्यायाला वाव कुठे? कोणती जागा कोणाच्या खात्यात मोजायची, इथे.

हे मोजमाप आपल्या कोल्हापुरात फार आधी सुरू झाले. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. स्वतंत्र भारतात पहिला मोठा घाव वैद्यकीय प्रवेशावरच पडला. मद्रास राज्यातील जातवार जागावाटप सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द केले. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. तेव्हा कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

दरवाजा उघडला, पण तो बाजूने बंद करण्याची युक्ती निघाली. १९८४ च्या प्रदीप जैन निकालानंतर १९८६ पासून राज्यांच्या वैद्यकीय जागांतील ठरावीक हिस्सा अखिल भारतीय कोट्यात जाऊ लागला. पदव्युत्तरसाठी तो आधी २५ टक्के होता, पुढे ५० टक्के झाला. या कोट्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षणच नव्हते! २००७ साली अभय नाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ आणि ७.५ टक्के आरक्षणाचा मार्ग मोकळा केला. म्हणजे दोन दशके आपल्या वाट्याच्या जागा गेल्या आणि त्याची कुठे बातमीही झाली नाही. ओबीसींना तर या कोट्यात २७ टक्के आरक्षण मिळायला २०२१ साल उजाडावे लागले.

आता महाराष्ट्रातलाच एक खटला पाहा. रितेश शाह विरुद्ध डॉ. यमुल, १९९६. प्रश्न एमबीबीएस प्रवेशाचा होता, पण तत्त्व सगळीकडे लागू पडते. समजा, अनुसूचित जातीची एक मुलगी गुणांवर थेट खुल्या यादीत बसली. खुल्या जागेतून तिला नको असलेले कॉलेज येते. तिच्याच प्रवर्गातील कमी गुणांच्या मुलाला मात्र राखीव जागेतून चांगले कॉलेज मिळते. जास्त अभ्यास केल्याची ही शिक्षा नव्हे काय? आणि तिने राखीव जागेचे कॉलेज घेतले तर तिला राखीव खात्यात मोजून समाजाची एक जागा कापायची. दोन्हीकडून नुकसान आपलेच. न्यायालयाने सांगितले, तिला राखीव जागेचे कॉलेज निवडता येईल, पण टक्केवारी मोजताना ती खुल्या प्रवर्गातलीच धरली जाईल. "आरक्षणवाले खुल्या जागाही खातात" म्हणणाऱ्यांना हा निकाल दाखवा. खुली जागा कुठल्या जातीच्या नावे लिहिलेली नसते, ती सगळ्यांची असते.

जानेवारी २०२२ मध्ये नील ऑरेलियो नून्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातही आरक्षण आणि गुणवत्ता परस्परविरोधी नाहीत, परीक्षेतील गुणांमागे सामाजिक परिस्थितीही असते, हे मान्य केले. हे चळवळ कित्येक वर्षे सांगत आली होती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. जयंतीला डीजे लावायला वर्गणी निघते, तशी प्रवेशाच्या मोसमात प्रत्येक वस्तीत नियमपुस्तिका वाचायची बैठक निघाली पाहिजे. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत आहे का? पसंतीक्रम भरताना राखीव आणि खुल्या, दोन्ही वाटा समजल्या आहेत का? खुल्या यादीत बसलेली आपली मुले कोणत्या खात्यात मोजली गेली? हे प्रश्न विचारणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक गावात हवा. "शिका" या आदेशात नियम वाचायला शिकणेही येते.

जय भीम!