बगदादची थंड कोंबडी आणि बदीआचे नाव

इस्लामी इतिहासाच्या 'सुवर्णयुगा'बद्दल आपल्याकडे उत्साहाने लिहिले जाते. अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची भाषांतरे झाली, बीजगणित मांडले गेले, रुग्णालये उभी राहिली, ही यादी आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. यादी खरीच आहे. पण तीत स्वयंपाकघर कधी येत नाही. दुसऱ्या बाजूला, मुसलमानांचे खाणे म्हटले की आपल्या भोवतालच्या समाजाला बिर्याणी, कबाब आणि तेलाचा तवंग आलेले लाल सालन एवढेच आठवते. आपल्यापैकी अनेकांनीही ती ओळख मुकाट्याने स्वीकारली आहे. या दोन्ही समजुतींना धक्का देणारे एक जुने पुस्तक आहे आणि त्या पुस्तकात एक पदार्थ आहे. त्या पदार्थाविषयी आज लिहायचे आहे.

पुस्तकाचे नाव 'किताबुल तबीख', म्हणजे पाकशास्त्राचा ग्रंथ. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राक याने तो सिद्ध केला. उपलब्ध असलेल्या अरबी पाकग्रंथांतला हा सर्वांत जुना. १३२ प्रकरणे आणि सहाशेहून अधिक पाककृती. 'वर्राक' हा शब्द 'वरक' म्हणजे कागदाच्या पानावरून आला. कागद विकणारा, हस्तलिखिते नकलून देणारा, पुस्तकांचा व्यापार करणारा तो वर्राक. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद बनू लागला आणि लिहिणे स्वस्त झाले. तेव्हा धर्मशास्त्र आणि गणिताबरोबर जेवणाची कृतीही कागदावर उतरली. या ग्रंथाचे अरबी मूळ १९८७ साली हेलसिंकीहून संपादित होऊन निघाले आणि २००७ साली नवल नसरल्लाह या इराकी विदुषीने त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

या ग्रंथात 'बवारिद' नावाच्या पदार्थांना मानाचे स्थान आहे. 'बारिद' म्हणजे थंड. एक पदार्थ असेल तर 'बारिदा', अनेक असतील तर 'बवारिद'. भाज्यांचे बवारिद आहेत, माशांचे आहेत आणि पक्ष्यांचेही आहेत. पक्ष्यांच्या बवारिदमध्ये कोंबडी आधी शिजवायची किंवा भाजायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, तिचे तुकडे करायचे आणि त्यावर बदाम किंवा अक्रोड वाटून सिरक्यात कालवलेला दाट, सायीसारखा रस ओतायचा. त्यात मोहरी असे, थोडी साखर असे, ताजी पुदिना-कोथिंबीर असे. काकडीचे काप आणि डाळिंबाचे दाणे वर येत. आजच्या भाषेत सांगायचे तर हे कोंबडीचे भरपेट सॅलड झाले. उपाहारगृहांत अशा सॅलडवर आज अंड्याचे मेयोनेज घालतात. ते युरोपच्या स्वयंपाकात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रुळले. बगदादचा दाटपणा बदाम-अक्रोडाचा होता.

मराठी वाचकाला यात परके वाटण्यासारखे फारसे नाही. काकडीच्या कोशिंबिरीत आपण दाण्याचे कूट घालतो, रायत्यात मोहरी फेसून घालतो. दाणे वाटले की आंबट रस दाट होतो, भाजीला धरून राहतो आणि आंबटपणाची धार थोडी बोथट होते. हेच काम बगदादमध्ये बदाम करत होते. याचा अर्थ कोशिंबीर बगदादहून आली असा कृपया कुणी लावू नये. शेंगदाणा तर आपल्याकडे दक्षिण अमेरिकेतून आलेला. दोन ठिकाणच्या स्वयंपाकघरांना एकच युक्ती सुचली, एवढाच त्याचा अर्थ.

थंड कोंबडीमागे वैद्यकही होते. नवव्या शतकात हुनैन बिन इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलनचे वैद्यक ग्रंथ अरबीत आणले. त्यातून प्रत्येक अन्नाची गरम-सर्द, कोरडी-ओली अशी तासीर ठरवण्याची पद्धत रुजली. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बाया आजही 'याची तासीर गरम आहे' म्हणतात, ते याच युनानी हिकमतीचे बोलणे. या हिशेबात सिरका सर्द, मोहरी आणि अक्रोड गरम, कोंबडी हलकी आणि पचायला सोपी. बगदादचा उन्हाळा ज्याने ऐकला आहे त्याला दुपारच्या दस्तरखानावर आंबट आणि गार पदार्थ का हवासा वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

या पदार्थाशी सर्वांत घट्ट जोडलेले नाव इब्राहिम बिन महदी यांचे. जन्म ७७९, मृत्यू ८३९. खलिफा महदी यांचे पुत्र, हारून रशीद यांचे सावत्र भाऊ. ते कवी होते, गायक होते आणि स्वयंपाकाचे दर्दी होते. मामून यांनी अली रझा यांना वारस नेमले तेव्हा नाराज झालेल्या बगदादकरांनी ८१७ साली इब्राहिमना खलिफा घोषित केले. ती खिलाफत दोन वर्षेही नीट टिकली नाही. इब्राहिम भूमिगत झाले, काही वर्षांनी स्त्रीवेशात पकडले गेले आणि मामून यांनी त्यांना माफ केले. त्यांनी लिहिलेला पाकग्रंथ आज उपलब्ध नाही. पण त्यातल्या अनेक कृती आणि खाण्यावरच्या त्यांच्या कविता अल-वर्राकच्या ग्रंथात टिकून राहिल्या. सत्ता गेलेल्या खलिफाची आठवण अशी थंड कोंबडीच्या निमित्ताने हजार वर्षे उरली.

मी हा पदार्थ घरी करतो. आजच्या स्वयंपाकघरासाठी माझे प्रमाण असे आहे. हाडांसकट एक किलो कोंबडी मीठ आणि आल्याचा तुकडा घालून मंद आचेवर उकडावी. त्याच पाण्यात कोमट होऊ द्यावी, म्हणजे मांस कोरडे पडत नाही. मग हाडे काढून हाताने जाडसर तुकडे करावेत. शंभर ग्रॅम बदाम रात्रभर भिजवून सोलावेत. त्यात एक चमचा फेसलेली मोहरी, एक चमचा साखर, चार मोठे चमचे सिरका आणि कोंबडीचे उरलेले पाणी लागेल तसे घालून अगदी गुळगुळीत वाटावे. रस पळीवरून सावकाश उतरला पाहिजे. मूळ कृतींत खारटपणासाठी 'मुर्री' येते. जवाच्या पिठाचे गोळे बुरशी येईपर्यंत ठेवून, मग मीठ-पाण्यात कित्येक आठवडे उन्हात मुरवून ती करत. तिच्याऐवजी मी एक लहान चमचा सोया सॉस घालतो, चवीचे घराणे तेच. कोंबडीला हा रस चोळून तासभर फ्रिजमध्ये ठेवावे. वाढताना दोन काकड्यांचे काप, मूठभर पुदिना, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या डाळिंबाचे दाणे आणि वरून थोडे ऑलिव्हचे तेल. सोबत नान असेल तर चौघांचे जेवण होते. ताटात तिखट लाल असे काहीच नसते, आणि दावतीला आलेले पाहुणे 'हे कुठले?' म्हणून विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर देताना मी आधी इब्राहिमचे नाव घेत असे. आता बदीआचे घेतो.

बदीआ ही इब्राहिमच्या घरातली जारिया, म्हणजे दासी. सिकबाज नावाचे सिरक्यातले मांस आणि बवारिद करण्यात तिचा हातखंडा होता. खलिफा अमीन यांनी इब्राहिमकडे तिच्या हातचे जेवण मागितल्याची हकीकत अल-वर्राक देतो. म्हणजे ज्या पदार्थावर इब्राहिम कविता करत होते, तो करणारे हात तिचे होते. ती त्या घरात आपल्या मर्जीने आलेली नव्हती आणि मर्जीने जाऊही शकत नव्हती. खुद्द इब्राहिमची आई शक्ला हीसुद्धा दासीच होती. अब्बासी दरबार देशोदेशीच्या गुलाम स्त्रियांच्या कलेवर, गाण्यावर आणि स्वयंपाकावर उभा होता. सुवर्णयुगाच्या यादीत बगदादची ग्रंथालये येतात तेव्हा त्याच शहरातला गुलामांचा बाजारही यायला हवा. आपण तो गाळतो, कारण तो आपल्या अभिमानाला सोयीचा नाही.

त्या दस्तरखानाची किंमत त्या काळातल्या माणसांनाही बोचली होती. दहाव्या शतकातला इतिहासकार अल-मसूदी इब्राहिमच्याच तोंडची एक हकीकत नोंदवतो. रक्का इथे इब्राहिमनी हारून रशीद यांना जेवायला बोलावले. रशीद यांची रीत आधी गरम आणि मग थंड पदार्थ खाण्याची. थंड पदार्थ मांडले गेले तेव्हा त्यांना एका ताटलीत माशाचे अगदी बारीक तुकडे दिसले. इतके बारीक का, असे त्यांनी विचारले. हे तुकडे नव्हेत, माशांच्या जिभा आहेत, असे उत्तर मिळाले. दीडशेहून अधिक जिभा होत्या आणि खर्च हजार दिरहमांच्या वर गेला होता. रशीद यांनी हात आवरला. हजार दिरहम आणल्याशिवाय घास घेणार नाही, असे बजावले. ते आल्यावर या उधळपट्टीचे प्रायश्चित्त म्हणून खैरात करायला सांगितले. मग ते किमती भांडे उचलून सेवकाला दिले आणि बाहेर जो पहिला मागणारा भेटेल त्याला दे म्हणाले. इब्राहिमनी डोळ्यांनी सेवकाला खुणावले, की भांडे त्याच्याकडून परत विकत घे. रशीद यांच्या ते लक्षात आले. त्यांनी निरोप धाडला, की दोनशे दिनारांच्या खाली हे विकू नकोस म्हणून त्या मागणाऱ्याला सांग.

हारून रशीद यांचा स्वतःचा थाट काही कमी नव्हता, हे आपल्याला माहीत आहे. तरीही अन्नाची किंमत आणि भुकेल्याचा हक्क यांचा हिशेब त्या दरबारात कुणीतरी मांडू शकत होते, आणि ज्याच्यावर ठपका आला त्यानेच ती हकीकत पुढे सांगितली, ही गोष्ट मला बदामाच्या रसापेक्षा जास्त मोलाची वाटते.

या सगळ्या थाटातली सर्वांत साधी वस्तू सिरका. हजरत जाबिर यांच्याकडून आलेली एक हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. पैगंबरांनी (स.) घरात भाकरीसोबत खायला काही मागितले. सिरक्याशिवाय काहीच नाही, असे उत्तर आले. त्यांनी तोच मागवून घेतला, खाल्ला आणि सिरक्याची सालन म्हणून तारीफ केली. मदिनेच्या त्या घरात भाकरी आणि सिरका एवढेच जेवण होते. दोनशे वर्षांनी बगदादच्या महालात त्याच सिरक्यात बदाम, साखर आणि कोंबडी आली. आपण वारसा सांगताना महालाचा तेवढा सांगतो.

याच पद्धतीचा एक पदार्थ आजही जिवंत आहे. तुर्कस्तानात 'चर्केझ तावुउ', म्हणजे चर्केसी कोंबडी, थंडच वाढतात. उकडलेल्या कोंबडीचे धागे, त्यावर अक्रोड आणि भिजवलेल्या पावाचा दाट रस, वर लाल मिरचीचे तेल. बगदादच्या बारिद्याशी ते जुळते. पण हे साम्य आहे, वंशावळ नव्हे. हे नाव कॉकेशसच्या चर्केसी लोकांचे. उस्मानी महालांत आणि श्रीमंतांच्या घरांत चर्केसी मुली गुलाम म्हणून विकल्या जात होत्या. पुढे १८६४ साली रशियाने कॉकेशसचे युद्ध संपवले आणि लाखो चर्केसी मुसलमानांना काळ्या समुद्रापलीकडे हाकलले. वाटेत रोगराईने आणि भुकेने त्यांतले असंख्य मेले. जे पोहोचले त्यांच्या वस्त्या आज तुर्कस्तानात, सीरियात आणि जॉर्डनमध्ये आहेत. या पदार्थाच्या नावात एक अख्खा समाज आहे, पण ज्यांनी तो तुर्कांच्या ताटात आणला त्यांच्यापैकी एकीचेही नाव त्यात नाही.

म्हणून बदीआचे नाव टिकले हे विशेष. एका पुस्तकविक्याने मालकाबरोबर त्याच्या दासीचेही नाव लिहून ठेवले, तिचे कसब कशात होते तेही लिहिले. इब्राहिमच्या जन्ममृत्यूची साले चरित्रकोशांत आहेत, आपल्या हाती बदीआची ओळख आली ती स्वयंपाकाच्या वहीतून. सुवर्णयुगावर पुढचा लेख, पुढचे भाषण किंवा पुढची पोस्ट लिहिताना अल-ख्वारिज्मीच्या खाली एक ओळ मोकळी ठेवा आणि तिथे तिचे नाव लिहा. ती कोण होती असे कुणी विचारले, तर थंड कोंबडीपासून सुरुवात करा आणि गुलामांच्या बाजारापर्यंत सगळे सांगा.