दिब्रिटो, फादर फ्रान्सिस
(४ डिसेंबर १९४२ – २५ जुलै २०२४). मराठी लेखक, संपादक, कॅथलिक धर्मगुरू आणि पर्यावरण चळवळीतील कार्यकर्ते. जन्म वसई तालुक्यातील नंदाखाल येथे. १९७२ मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनेत लोकभाषेची वाट मोकळी केली होती. त्या बदलात घडलेल्या पिढीचे ते प्रतिनिधी.

‘सुवार्ता’ हे वसईच्या ख्रिस्ती समाजाचे मासिक. १९८३ ते २००७ अशी जवळपास पाव शतक त्याची धुरा दिब्रिटो यांच्याकडे होती. धार्मिक मजकुराच्या जोडीला साहित्य आणि सामाजिक प्रश्नांना जागा देऊन त्यांनी ख्रिस्तेतर वाचकही जोडला.

त्यांची खरी कसोटी मात्र लागली ती वसईच्या पाण्यावरून. इथल्या केळीच्या, पानवेलीच्या आणि फुलांच्या वाड्या विहिरी नि बावखलांच्या (छोट्या तळ्यांच्या) गोड्या पाण्यावर पोसलेल्या. मुंबईच्या ओढीने इमारती उठल्या, नळाचे पाणी मात्र त्यांच्यामागे आले नाही. मग टँकर गावातल्या विहिरींना लागले. समुद्राकाठी गोडे पाणी बेसुमार उपसले की जमिनीखालून खारे पाणी आत सरकते, आणि वाडी बसते ती कायमची. ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या झेंड्याखाली दिब्रिटो यांनी या उपशाविरुद्ध, बिल्डरांच्या अतिक्रमणाविरुद्ध आणि त्यामागच्या गुंडगिरीविरुद्ध लोकांना उभे केले. पाद्रीबाबांनी प्रवचन करावे, मोर्चे काढू नयेत, असे मानणाऱ्यांना हे रुचण्यासारखे नव्हते.

‘सुबोध बायबल’ ही त्यांची सर्वांत मोठी वाङ्मयीन कामगिरी. साहित्य अकादमीने तिचा गौरव केला. फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून (१६१६) चालत आलेल्या ख्रिस्ती मराठी परंपरेला त्यांनी आजच्या बोलीची लय दिली. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’, ‘ओअॅसिसच्या शोधात’, ‘तेजाची पाऊले’ आणि ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन ही त्यांची अन्य पुस्तके.

उस्मानाबादेत (आताचे धाराशिव) जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. काही हिंदुत्ववादी संघटनांनी निवडीला विरोध केला. पाठीच्या दुखण्यामुळे व्हीलचेअरवर आलेल्या दिब्रिटो यांनी भाषणात असहिष्णुतेवर नेमके बोट ठेवले आणि मराठी शाळांचा प्रश्नही मांडला. वयाच्या ८१व्या वर्षी वसईत त्यांचे निधन झाले.