भूगर्भाचें उघडें गणित

इ. स. १८५६ मध्यें फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता आंरी दार्सी हा त्याच शहरांत जन्मलेला इंजिनिअर. झरे, नळ आणि कारंजीं यांच्या तपशिलानें भरलेल्या त्या ग्रंथाच्या परिशिष्टांत त्यानें एका लहानशा प्रयोगाची हकीकत दिली आहे. वाळूनें भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून पाणी सोडावें, वरचा व खालचा दाब मोजावा, आणि किती वेळांत किती पाणी झिरपलें तें टिपून ठेवावें, एवढाच तो प्रयोग. त्यावरून निघालेला नियमही साधा आहे. दाबांतील फरक दुप्पट केला तर पाझर दुप्पट होतो. थर दुप्पट जाड केला तर तो निम्मा होतो. परंतु नियमाइतकीच मला दार्सीची रीत महत्त्वाची वाटते. त्यानें आपलीं मोजमापें कोष्टकांसह छापून टाकलीं. ज्याला शंका येईल त्यानें नळकांडें घ्यावें, वाळू भरावी आणि स्वतः पाहावें!

दार्सीच्या सूत्रांत मात्र वाळू निश्चल गृहीत धरलेली होती. आणि खरी जमीन तशी नसते. इमारतीचा भार ओल्या मातीवर पडतो तेव्हां त्याचा कांहीं भाग कणांवर आणि कांहीं भाग छिद्रांतील पाण्यावर येतो. पाणी हळूहळू पिळून निघतें तसतसा भार कणांवर सरकतो, आणि इमारत वर्षानुवर्षें खचत राहते. इस्तंबूल येथें अध्यापन करीत असतां कार्ल टेर्झागी यानें हें कोडें उलगडलें. १९२३ सालीं त्यानें त्याचें गणित मांडलें व १९२५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें १९४१ मध्यें बेल्जियमांत जन्मलेल्या मॉरिस बियो यानें तेंच गणित तिन्ही दिशांना लागू केलें. पाणी आणि खडक यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हें तेव्हां शास्त्रांत पक्कें झालें.

व्यवहाराला तें पटावयास मात्र धक्के बसावे लागले. अमेरिकेंत डेन्व्हर शहराजवळ एका लष्करी कारखान्याचें विषारी सांडपाणी १९६२ पासून सुमारें ३,६७० मीटर खोल विहिरींत दाबून भरण्यांत येऊं लागलें, आणि लवकरच त्या परिसरांत भूकंप जाणवूं लागले. १९६६ मध्यें तें काम थांबलें, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ सालीं बसले. कारण वर पंप थांबला म्हणून खालीं शिरलेला दाब पसरावयाचा राहत नाहीं. त्याच वर्षीं ११ डिसेंबरच्या पहाटे आपलें कोयनानगर हादरलें. त्या भूकंपाचा धरणाच्या जलाशयाशीं संबंध आहे, असें बहुतेक भूकंपतज्ज्ञ मानतात. भेगांत शिरलेलें पाणी आधींच ताणलेल्या खडकाची पकड सैल करतें.

याहूनही बिकट प्रश्न अणुभट्ट्यांतील कचऱ्याचा आहे. जर्मनींत आसे येथील मिठाच्या जुन्या खाणींत १९६७ ते १९७८ या काळांत किरणोत्सर्गी कचऱ्याचीं सुमारें १,२६,००० पिंपें ठेवण्यांत आलीं. पुढें खाणींत पाणी झिरपत असल्याचें आढळलें, आणि २०१३ मध्यें तीं पिंपें बाहेर काढण्यासाठीं कायदा करावा लागला. अतितीव्र कचऱ्यासाठीं नवी जागा निवडतांना तर २०१७ च्या कायद्यानुसार दहा लक्ष वर्षांच्या सुरक्षिततेचा विचार करावयाचा आहे. असा कचरा खडकाला तापवितो. तापलेलें पाणी फुगून दाब वाढवितें. दाबानें भेगा उघडूं शकतात. आणि त्यांतून वाहणारें पाणी कोठें क्षार विरघळवितें, कोठें सांठवितें, म्हणजे पुन्हां स्वतःचीच वाट बदलतें. उष्णता, पाणी, ताण आणि रसायन यांचा हा गुंता हातानें सोडवितां येत नाहीं; तेथें संगणकच हवा.

१९८५ च्या सुमारास हानोव्हर येथें 'रॉकफ्लो' नांवाच्या आज्ञावलीपासून एक परंपरा सुरू झाली. तिच्यांतूनच वाढलेली 'ओपनजिओसिस' ही आज्ञावली आज लाइपझिगच्या पर्यावरण-संशोधन केंद्राच्या पुढाकारानें विकसित होत आहे. खडकाचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकाचें तापमान, दाब आणि ताण काळाच्या पावलागणिक ती मांडीत जाते. तिची मूळ संहिता कोणासही विनामूल्य मिळते. ती वाचावी, चालवून पाहावी, चूक दिसल्यास दुरुस्त करावी व दुसऱ्यास द्यावी. १९९२ पासून 'डेकोव्हॅलेक्स' या आंतरराष्ट्रीय उपक्रमांत निरनिराळ्या देशांचे गट एकाच प्रयोगाचें गणित आपापल्या आज्ञावलींनीं करून उत्तरें ताडून पाहतात. स्वित्झर्लंडमधील ग्रिमसेल येथें कचऱ्याच्या जागीं विजेचे तापक ठेवून १९९७ पासून १८ वर्षें माती आणि खडक तापविण्यांत आले, तें अशाच पडताळ्यासाठीं.

कोणी म्हणेल, उघडें म्हणून गणित खरें ठरत नाहीं. चुकीचें गृहीत सर्वांदेखत मांडलें तरी चुकीचेंच राहतें. शिवाय हजारों ओळींची ती संहिता वाचणार किती जण? आक्षेप रास्त आहे. पण दिजोंमध्येंही किती नागरिकांनीं नळकांड्यांत वाळू भरली असेल? कोणीतरी पडताळून पाहील, या जाणिवेनेंच गणित करणारा सावध होतो. आणि अठरा वर्षांचा प्रयोग करतां येतो, दहा लक्ष वर्षांचा नाहीं. ज्या गांवच्या जमिनीखालीं असा कचरा पुरावयाचा, तेथील लोकांच्या हातीं केवळ एक गणित येणार. तें बंद पेटींत ठेवून त्यांना विश्वास ठेवावयास सांगणें हा न्याय नव्हे. आपल्या विश्वासांतला पंडित नेमून तेंच गणित पुन्हां करवून घेण्याची मुभा त्यांना असावयास हवी. दार्सीनें कोष्टकें छापून वाचकाला दिली ती हीच मुभा होय.