मुळीची बाटली: जोयड्याच्या घरांतली, सहसा न सांगितली जाणारी गोष्ट

आपल्या जोयडा तालुक्याबद्दल, म्हणजे जुन्या माणसांच्या सुपा तालुक्याबद्दल लिहायचं म्हटलं की काळी नदी, धरण, जंगल आणि कुणबी लोकांची कंदमुळं, एवढ्यावर लेख संपतो. आज लिहितोय ते भाताच्या कणगीआड ठेवलेल्या बाटलीबद्दल. फेणीत मुळी भिजवलेली बाटली. पाहुण्यांसमोर ती कधी निघाली नाही, आणि आता बेळगाव-पुण्यात स्थिरावलेल्या आपल्या घरांत तर तिचं नावही निघत नाही.

आधी एक फरक सांगतो. दारू गाळणं वेगळं आणि गाळलेल्या दारूत मुळी टाकणं वेगळं. गाळायचं काम भाटीवर, बहुतेक घाटाखाली गोव्याकडे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला, आणि त्याच्या बोंडांपासून गोव्यात दारू व्हायला लागली. बोंडं पायांनी तुडवायची, रस आंबवायचा, मग भांड्यात घालून आच लावायची. पहिल्यांदा गाळून निघते ती हुर्राक. ती सौम्य, फार दिवस टिकत नाही, हंगामातच संपवायची. पुन्हा गाळली की फेणी. फेणी कडक, साधारण ४२-४५ टक्क्यांची, आणि वर्षानुवर्षं टिकणारी. म्हणून मुळी घालायची ती फेणीतच.

पुढचं काम घरातल्या बायकांचं. दुधशिरीची, म्हणजे आपल्या मराठीत उपळसरीची किंवा अनंतमुळाची मुळं आणायची, माती जाईपर्यंत धुवायची, सावलीत सुकवायची, ठेचून बाटलीत सोडायची. बूच घट्ट लावून महिना-दोन महिने अंधारात ठेवायची. पाण्यासारखी फेणी हळूहळू तपकिरी होते आणि तिला गोडसर वास येतो. तो वास ओळखीचा वाटतो त्याला कारण आहे: या मुळीतलं सुगंधी द्रव्य व्हॅनिलाच्या द्रव्याचं अगदी जवळचं भावंड आहे. पाण्यात नीट न उतरणारी अशी द्रव्यं दारूत चटकन उतरतात. रसायनशास्त्र कुणी शिकलं नव्हतं, पण हे हाताला माहीत होतं. कुणी जिरं घाली, कुणी ओवा, कुणी आलं नाहीतर दालचिनी.

पावसाळ्यात अंग भिजून आलं, पोट बिघडलं, हातपाय दुखले की चमचाभर. चोळायलाही तीच. जवळ डॉक्टर नाही, वाटेत नदी-ओढे भरलेले, अशा मुलखात ही बाटली म्हणजे घरचा दवाखाना होती. तिनं सगळं बरं होत होतं असं नाही. पण दुसरं हाताशी काही नव्हतं.

आता कायद्याची बाजू बघा. आपला जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू हा सरकारी उत्पन्नाचा विषय झाला आणि विनापरवाना गाळणं गुन्हा. त्याच वर्षी इंग्रजांनी पोर्तुगीजांशी करार केला. मीठ आणि दारूबाबत इकडची पद्धत गोव्यातही आणायची, हा त्यातला एक भाग. गोव्याची स्वस्त दारू घाट चढून वर आली की इकडचा महसूल बुडायचा ना! तो करार १८९२ मध्ये संपला, सरहद्द मात्र राहिली. आपल्याच तालुक्यातलं कॅसलरॉक हे जकात तपासणीचं स्टेशन. तिथे सामान उघडायचं. बाटलीत मुळी आहे म्हणून ती औषध ठरत नसे.

स्वातंत्र्यानंतर आणखी कडक झालं. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि १९५० पासून पूर्ण बंदी. आपण तेव्हा मुंबई राज्यातच होतो. १९५१ साली बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्या औषधांत दारूचा अंश आहे त्यांच्यावर अशी सरसकट बंदी घालता येणार नाही. म्हणजे दुकानातलं द्राक्षासव सुटलं, ज्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं. आजीची बाटली नाही सुटली. तिच्यावर ना कंपनीचं लेबल, ना वैद्याची सही. १९५५ ला गोव्याची नाकेबंदी झाली, कॅसलरॉकवरून पलीकडे जाणारी रेल्वेही थांबली. १९५६ मध्ये आपण म्हैसूर राज्यात गेलो, १९६१ ला गोवा मुक्त झाला. राज्यं बदलली, कायदे बदलले. बाटली तीच, मुळी तीच. गुन्हा काय तो दरवेळी बाहेरून ठरला.

पण एकच बाजू सांगितली तर ते खोटं होईल. ज्या बायका चमचा मोजून औषध देत, त्यांच्यातल्याच किती जणींचे नवरे दारूनं गेले, शेत गहाण पडलं, हे प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी बंद झाली, तेव्हा सुटकेचा श्वास टाकणाऱ्याही बायकाच होत्या. म्हणून आपल्या आज्या या बाटलीबद्दल गप्प राहिल्या. मला वाटतं, ती नुसती पोलिसाची भीती नव्हती. चमचा आणि पेला यांतलं अंतर किती कमी आहे, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं.

मौनात मात्र एक चांगली गोष्ट बुडाली: मुळांची ओळख. सुपा गाव धरणात गेलं, माणसं रामनगरला आली, आणि मुळी उपटायची जागा मागे राहिली. उरलेलं बरंचसं रान आता काळी व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे खणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. गोव्यात काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, दुधशिरी घातलेली फेणी तिथे परवान्यानं बनते, लोक कौतुकानं घेतात. घाटाच्या अलीकडे तीच गोष्ट लाजेची राहिली.

भाटी लावा असं मी म्हणत नाही. घरी गाळणं बेकायदा आहे आणि जिवाला धोकाही आहे. चुकीचं मूळ ओळखलं तर तोही धोकाच. पण घरात ऐंशीच्या पुढची कुणी आजी, काकी, आत्या असेल तर तिला नक्की विचारा. दारूबद्दल विचारलंत तर ती उठून आत जाईल. मुळांबद्दल विचारा. कुठलं मूळ, कुठल्या महिन्यात काढायचं, कशासाठी, किती चमचे आणि कुणाला मुळीच द्यायचं नाही. ते शेवटचं आधी लिहून घ्या. तिची खरी विद्या तिथेच आहे.